हिरव्या ठिपक्याची विहीर

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी लागले तेव्हा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या कार्यालयाच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून त्यावर नवं लिहिलं होतं आणि खोडलेलं नावच जास्त ठळक दिसायचं. डहाणूत दोन खोल्या, एक फ्रिज, एक इन्क्युबेटर आणि आम्ही तिघं: साहेब, शिपाई आणि मी. मी बीएस्सी झालेली, कंत्राटावरची. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर निघायची, ती निघेपर्यंत जीव टांगणीला. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या विहिरींच्या, हातपंपांच्या, बोअरच्या पाण्याच्या बाटल्या आमच्याकडे यायच्या. त्या तपासून वहीत ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ लिहायचं, हे माझं काम. आशागडला शेजारणींनी विचारलं की मुलगी काय करते, तर आई सांगायची, ‘‘सरकारी पाणी चाखते.’’

ती वही खरी होती. तिच्याबद्दल आज एवढंच चांगलं मला सांगता येतं. प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक जलसुरक्षक असतो, तो गावातल्या विहिरींवर फिरून बाटल्या भरतो आणि पिशवीतून आणून देतो. तलासरीच्या पलीकडच्या एका गावाचे जलसुरक्षक पन्नाशी उलटलेले, गुडघे दुखणारे, पण सहाच्या सहा विहिरींवर उतरणारे गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. गढूळ तर गढूळ, पानं पडलेलं तर तसं, जे असेल ते पाणी काका घेऊन येत. मी जे दिसेल ते लिहीत असे. त्या वहीला कुणी घाबरत नव्हतं, म्हणून तिच्याशी कुणी खोटं बोलत नव्हतं.

पण ती वाचत कोण होतं? निकालाचा कागद ग्रामपंचायतीत जायचा आणि तिथल्या फायलीत बसायचा. ज्या बाईच्या डोक्यावर हंडा, तिच्या कानावर काही जायचं नाही. किनाऱ्यावरच्या वरोर गावातल्या बायकांना आपलं पाणी मचूळ आहे हे डाळ शिजत नाही यावरून कळलेलं असायचं. माझ्या वहीत तीच गोष्ट आकड्यांत लिहिलेली होती आणि आकडे कधी वरोरला पोचले नाहीत. मी साहेबांना म्हटलं, निकाल विहिरीच्या कठड्यावर रंगवू या. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या घराच्या भिंतीवर काही लिहायचं म्हणत होते.

‘‘लोक घाबरतील,’’ ते म्हणाले. ‘‘पेपरात येईल. आणि अयोग्य लिहिलं की दुसरं पाणी द्यावं लागतं. ते कोण देणार, तू?’’

मी रीतसर टिपणी ठेवली. तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा आला. चर्चा झाली नाही, मी पुन्हा ठेवली. दोन वर्षांत अशा आठ टिपण्या ठेवल्या आणि आठांवर तोच शेरा, त्याच हिरव्या शाईत. चारोटीला हायवेवर हॉटेल चालवणाऱ्या एका माणसाने माहितीच्या अधिकारात आपल्या भागातले निकाल मागितले, तेव्हा साहेबांनी तीन वर्षांच्या वह्यांच्या झेरॉक्स काढून दिल्या. गावानुसार नाही, तारखेनुसार. आणि इतक्या फिक्या की अक्षर लागू नये. तो माणूस गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, ‘‘ताई, यात माझी विहीर कुठे ते तरी दाखवा.’’ जेवणाच्या सुट्टीत मी त्याला शोधून दिली. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग मी तोंडी सांगायला लागले. काकांच्या गावचा एक पाडा होता, ओहोळाला लागून. तिथे एक विहीर अगदी घरांजवळ, ओहोळाच्या काठावर, आणि दुसरी टेकडीच्या वर, जाऊन येऊन पाऊण तास. साहजिकच सगळे खालचं पाणी प्यायचे. २०१५ मध्ये मी काकांबरोबर तिथे गेले. पाड्यातल्या पहिल्याच घरची सून ओटीवर भात पाखडत होती. माझ्याच वयाची, बोलायला फटकळ. तिकडे लहानथोर सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, तशी तीही मला पहिल्या वाक्यापासून तूच म्हणाली.

‘‘तू पानी नेतेस, मंग सांगत का नाय?’’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्याजवळ तपासणीची एक छोटी बाटली होती. तिच्यात पाणी भरून दोन दिवस ठेवायची. पाण्यात घाण मिसळत असेल तर आतलं पाणी काळं पडतं. ती मी प्रयोगशाळेत न नेता तिच्याच हातात दिली. पोरं हात लावणार नाहीत म्हणून तिने ती देवाजवळ ठेवली. तिसऱ्या दिवशी बाटली काळी झाली आणि ती घेऊन ही बाई घरोघर फिरली. सासू करवादली, दीर हसला, पण आठ दिवसांत सगळा पाडा पिण्यासाठी वरच्या विहिरीवर जाऊ लागला. खालचं पाणी भांड्यांना आणि गुरांना. कुठलंही परिपत्रक नाही, शेरा नाही. मला इतका आनंद झाला होता की मी आईला ती गोष्ट तीनदा सांगितली.

तीन वर्षं ते लोक टेकडी चढत राहिले. मी वर्षातून दोनदा जायची, तेव्हा ती मला बसवून घ्यायची, तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे करायची. मधल्या काळात धाकट्या दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ लाजरी होती, माझ्यासमोर बोलायची नाही; पण मी उठले की मागून जावेला म्हणायची, ‘‘हीच ती पानी काळा करनारी?’’ आणि दोघी खिदळायच्या.

२०१७ मध्ये साहेब बदलले. नवे साहेब तरुण, चटपटीत, लॅपटॉप स्वतः उघडणारे. मी त्यांच्यापुढे नववी टिपणी ठेवली. त्यांनीही ‘चर्चा करावी’ लिहिलं. मी मनात म्हटलं, माणूस बदलतो, शेरा बदलत नाही. आणि मग एक दिवस ते जिल्ह्याच्या बैठकीहून परत आले ते पाय आपटतच. शेजारच्या एका तालुक्याने तिथे पडद्यावर नकाशा दाखवला होता. प्रत्येक विहीर म्हणजे एक ठिपका. योग्य तो हिरवा, अयोग्य तो लाल. कुणीही घरबसल्या पाहावा असा. वरिष्ठांनी टाळ्या वाजवल्या आणि आमच्या साहेबांना विचारलं, ‘‘तुमचा कुठे आहे?’’

तेवढं पुरलं. माझ्या नऊ टिपण्यांनी जे झालं नाही, चारोटीच्या माणसाच्या अर्जाने झालं नाही, ते एका पडद्यावरच्या चित्राने आठ दिवसांत झालं. सगळ्या वह्या संगणकात चढल्या. विहिरींच्या कठड्यांवर हातभर रुंदीचे गोल रंगले. वर्तमानपत्रात साहेबांचा फोटो आला, मागे मी. आईने तो कापून देव्हाऱ्यात ठेवला. मीही भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आपण जिंकलो.

रंगवणाऱ्यांबरोबर मी पाड्यावर गेले. खालच्या विहिरीला लाल गोल, वरच्या विहिरीला हिरवा. ती बघत उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. मी तिला सांगितलं, ‘‘आता माझी वाट बघायची गरज नाही. हिरवा असला तर प्यायचं, लाल असला तर नाही. दर महिन्याला तपासणी होणार, रंग बदलला की बदलला. आता कुणाला लपवता येणार नाही.’’ हे शब्द माझेच आहेत. त्यातलं एकही अक्षर साहेबांनी मला शिकवलेलं नव्हतं.

नकाशा सगळ्यांना खुला झाला आणि महिन्याच्या बैठकीची तऱ्हाच बदलली. ज्यांच्या गावात लाल ठिपके जास्त, त्या ग्रामसेवकांना उभं करून सगळ्यांदेखत झाडायचं. विहिरीत शुद्धीची पावडर टाकली का, कठडा दुरुस्त केला का, हे विचारायला वेळ नव्हता. लाल किती आणि मागच्या महिन्यापेक्षा कमी का नाहीत, एवढंच. दुसऱ्या महिन्यापासून ठिपके हिरवे व्हायला लागले. तिसऱ्या महिन्यात आणखी. मला वाटलं, लाजेने का होईना, लोक कामाला लागले. माझ्यासारखी शिकलेली बाई इतकी भोळी कशी असू शकते, याचं मला आजही नवल वाटतं.

२०१८ च्या मे महिन्यात काकांच्या सहा बाटल्या तपासताना माझा हात थांबला. सहा विहिरी, एक डोंगरावर, एक ओहोळाकाठी, एक शेतात. आणि सहांच्या पाण्याचा जडपणा, खारटपणा, सगळं दशांशापर्यंत सारखं. दोन विहिरी जुळ्या असू शकत नाहीत. इथे सहा होत्या. मी मागच्या महिन्यांचे आकडे काढले, तेही तसेच. आणि त्याच आकड्यांवर ओहोळाकाठच्या विहिरीचा लाल गोल खरवडून त्यावर हिरवा रंगवला गेला होता.

पुढच्या खेपेला काका आले तेव्हा मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं. ते जराही गडबडले नाहीत.

‘‘सगला पानी आश्रमशालेच्या बोअरचा,’’ ते म्हणाले. ‘‘चांगला हाय ना?’’

‘‘काका, अहो, पण विहिरींचं कुठे आहे?’’

‘‘त्या इहिरींचा पानी घान. तुमी आमच्या गावाचा नाव लाल करता, ग्रामसेवक भाऊंना मीटिंगमदी उभा करता. मी इचार केला, साहेबाच्या घरी कवा घान पानी पाठवतात का? चांगला नेऊन द्यावा. बोअर रस्त्यावर, पन मी बाटली तीनदा इसळून घेतो.’’ गुडघ्यावर हात ठेवून ते माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते.

त्यांना कुणी बाटल्या बदलायला सांगितलं नव्हतं. ग्रामसेवकाने फक्त आपलं रडगाणं गायलं होतं. साहेबांकडे पाणी जायचं तर ते चांगलंच जावं, हा काकांचा पाहुणचार होता. वर्षानुवर्षं आम्ही त्यांच्याकडून पाणी घेतलं आणि ते कशासाठी घेतो हे एकदाही त्यांना बसवून सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यांच्यावर चिडायला मला तोंड उरलं नाही.

आता मी काय केलं ते सांगते. काही केलं नाही. माझी ऑर्डर जूनमध्ये निघायची होती. साहेबांचा नकाशा जिल्ह्यात पहिला येणार अशी हवा होती, आणि नेमक्या त्या दिवसांत तो नकाशा खोटा आहे असं म्हणणाऱ्या कंत्राटी बाईची ऑर्डर निघाली असती का? मी स्वतःला समजावलं की ऑर्डर हातात येऊ दे, मग लेखी देते. पाड्यावर जाऊन तिला नुसतं ‘खालचं पिऊ नका’ म्हणायला लेखी काही लागत नव्हतं. चारोटीहून जीप मिळते. एका दिवसाचं काम होतं. पण कठड्यावर हिरवा गोल असताना तो खोटा कुणी ठरवला हे विचारलं जाईल, या भीतीने माझे पाय घरातच राहिले. काकांना म्हटलं, तुम्ही सांगा हो पाड्यावर. ते हो म्हणाले. ज्या माणसाला त्यात काही चुकलंय हेच पटलं नव्हतं, तो काय सांगणार होता?

ऑर्डर आली. मी लगेच लेखी दिलं, अगदी मुद्देसूद, आकड्यांच्या तक्त्यासह. नव्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. ‘‘एकदा प्रसिद्ध झालेले आकडे मागे घेता येत नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘सिस्टीममध्ये तशी सोयच नाही. पावसाळा झाला की नव्याने नमुने घेऊ.’’ मी म्हटलं, हिरवा गोल बघून लोक ते पाणी पितायत. ते म्हणाले, ‘‘पूर्वीही पीत होतेच ना?’’

नव्हते पीत. तीन वर्षं नव्हते पीत. हेच तर मी त्यांना सांगू शकले नाही, कारण त्या तीन वर्षांची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

ऑगस्टमध्ये काका बाटल्या घेऊन आले आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाले की पाड्यावर काविळीची साथ आहे, पहिल्या घरची धाकटी सून गेली. सात महिन्यांची पोटुशी होती. आधी गळ्यात काविळीची माळ घातली, मग सरकारी दवाखाना, तिथून सिल्व्हासाला न्यायला सांगितलं, वाटेतच संपली. काकांनी हे सांगितलं आणि बाटल्यांची पोच मागितली. मी पोच लिहिली. माझं अक्षर त्या कागदावर नेहमीसारखंच नीट आहे, मी नंतर पाहिलं.

त्या दिवशी मी साहेबांच्या टेबलासमोर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी शांतपणे सांगितलं की कावीळ बाहेरच्या खाण्यानेही होते, आणि त्या विहिरीमुळे झाली असं म्हणायला माझ्याजवळ पुरावा काय? माझ्याजवळ पुरावा होता तो हिरवा होता. दोन दिवसांत मी स्वतः जाऊन नमुना आणावा असं ठरवलं, पण माझ्या आधी शिपायाला पाठवण्यात आलं. निकाल अयोग्य आला. नकाशावर ठिपका लाल झाला. मागच्या महिन्यांचे हिरवे मात्र तसेच राहिले, उलट साहेब खूश झाले: साथ आली आणि आपल्या यंत्रणेने ती तत्काळ टिपली, असं त्यांना दाखवता आलं.

आणि ते त्यांनी दाखवलं. दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रम झाला, पहिल्या नंबरचं मानचिन्ह आमच्या कार्यालयाला. बाहेरच्या जिल्ह्यांतून अधिकारी शिकायला आले होते. त्यातल्या एका बाईंनी मनापासून विचारलं, ‘‘माहिती अशी लोकांसमोर खुली ठेवावी असं तुमच्या कार्यालयाला कशामुळे वाटलं?’’ साहेब म्हणाले, ‘‘नागरिकांचा विश्वास.’’ मग माइक माझ्याकडे आला. मला खरं माहीत होतं. शेजाऱ्याच्या पडद्यावर चित्र दिसलं म्हणून वाटलं. सगळ्यांदेखत ‘तुमचा कुठे’ विचारलं गेलं म्हणून वाटलं. हिरवं दाखवता येईल याची खात्री पटली म्हणून तर फारच वाटलं. लोक मागतात म्हणून कधीच वाटलं नाही. मागणाऱ्याला आम्ही फिक्या झेरॉक्स दिल्या. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी माइकवर म्हणाले, ‘‘वरिष्ठांचं मार्गदर्शन.’’ टाळ्या झाल्या.

पाड्यावर मी गेले ती त्यानंतर, २०१९ च्या उन्हाळ्यात. साथ सरली होती. माझ्या खांद्याला नमुन्यांची पिशवी होती आणि माझी स्वतःची पाण्याची बाटलीही. ती ओटीवर होती. सासू आत झोपलेली. धाकटा दीर उंबरगावकडे कंपनीत राहायला गेलेला, तो परत येत नाही म्हणाली. मी बरंच काही बोलायचं ठरवून आले होते. काकांनी बाटल्या कशा भरल्या, मला कधी कळलं, मी कधी सांगायला हवं होतं. मी ते सगळं सांगितलं, ऑर्डरचंही सांगितलं. ती ऐकत होती.

माझं संपल्यावर ती उठली, आत गेली आणि पितळेचा तांब्या घेऊन आली.

‘‘ऊन हाय. पी.’’

मी तांब्या हातात घेतला. पाणी निवळ दिसत होतं, पण निवळ दिसण्याला काही अर्थ नसतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी तो तसाच धरून बसले.

‘‘वरचा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘सकाली मी सोता आनला.’’

मी मान हलवली. तिच्यावर विश्वास होता, असं मला अजूनही वाटतं. पण हात वर जाईना.

‘‘आमी तुझ्या सांगन्यावर पिला, बाय,’’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘तू माझ्या सांगन्यावर पी.’’

मी तांब्या खाली ठेवला. तिने तो उचलला, माझ्यासमोर सगळा पिऊन टाकला आणि आत निघून गेली.